स्मार्ट स्विच, नवा मीटर आणि सेकंदाला शंभर शून्यं : २३० व्होल्ट थेट चिपच्या पिनला जोडावेत का?

नवीन पनवेलला खेटून असलेल्या विचुंबे, देवद, उसर्ली या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत इमारती भराभर उभ्या राहिल्या. अशा नव्या फ्लॅटमध्ये फोनवरून चालणारा स्विच किंवा पंख्याचा टच रेग्युलेटर दिसला, तर आता कुणी वळूनही बघत नाही. त्यात महावितरणने राज्यभर जुने मीटर काढून टीओडी स्मार्ट मीटर बसवायला घेतलेत आणि त्यावरून सगळीकडे वाद चालू आहे. गच्चीवर सोलर लावावा का, हा सोसायटीच्या ग्रुपवरचा तिसरा विषय.

स्विच, मीटर आणि सोलरचा इन्व्हर्टर या तीन वेगळ्या वस्तू दिसतात. पण तिन्हींच्या आत एक छोटी चिप दिवसभर एकच प्रश्न विचारत असते : वीज आत्ता शून्यावरून गेली का?

हे ओळखायला चिपची एक साधी इनपुट पिन आणि एक रेझिस्टर पुरतो. यूट्यूबवर आणि रील्समध्ये हे सर्किट ‘फक्त दोन पार्ट’ म्हणून फिरतंय, आणि डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी मुलं ते तसंच टेबलावर जोडतात. सर्किट चुकीचं नाही. मोठ्या कंपन्यांच्या वस्तूंमध्येही ते असतं. पण बंद डब्यात जे बरोबर, ते अभ्यासाच्या टेबलावर जीव घेऊ शकतं. का, ते नीट समजून घेऊ.

शून्य म्हणजे नक्की काय

घरात येणारी वीज २३० व्होल्टची, असं आपण म्हणतो, पण ती कधीच २३० वर थांबलेली नसते. ती वर चढत साधारण ३२५ व्होल्टपर्यंत जाते, खाली येते, शून्यावरून पलीकडे उणे ३२५ पर्यंत जाते आणि परत येते. ही एक फेरी २० मिलिसेकंदांची. सेकंदाला अशा ५० फेऱ्या, म्हणून ५० हर्ट्झ. प्रत्येक फेरीत दोनदा शून्य ओलांडलं जातं. म्हणजे सेकंदाला १०० वेळा, दर १० मिलिसेकंदांनी, तुमच्या सॉकेटमध्ये क्षणभर काहीच नसतं.

हे बघायला एकही वायर उघडायची गरज नाही. घरातला स्वस्तातला एलईडी नाईट लॅम्प शोधा आणि फोनच्या स्लो-मोशनमध्ये, २४० फ्रेमवर, त्याचा व्हिडिओ काढा. व्हिडिओ आठपट हळू चालतो, त्यामुळे सेकंदाला १०० वेळा होणारी उघडझाप पडद्यावर सेकंदाला साधारण १२ वेळा दिसते. दिवा मंदावतो तो क्षण म्हणजे शून्याच्या आसपासचा. चांगल्या प्रतीच्या बल्बमध्ये हे दिसणार नाही, कारण त्याच्या आतला ड्रायव्हर ही दरी भरून काढतो. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये कुठेतरी ‘अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ / ६० हर्ट्झ’ असा पर्याय असतो, तो याचसाठी.

आणखी एक गंमत. शेजारच्या फ्लॅटला वेगळी फेज दिली असेल, तर त्यांची लहर तुमच्या लहरीपेक्षा ६.६७ मिलिसेकंदांनी पुढे किंवा मागे असते. एकाच मजल्यावर शून्य वेगवेगळ्या क्षणी येतं.

चिपला शून्याची एवढी काय पडलीय

पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर घ्या. त्यात ट्रायॅक नावाचा एक स्विच असतो. त्याला एकदा चालू केलं की तो चालूच राहतो, आणि करंट शून्यावर आला की आपोआप बंद पडतो. म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी त्याला नव्याने चालू करावं लागतं. शून्यानंतर लगेच चालू केला तर पूर्ण वीज मिळते. ५ मिलिसेकंद थांबून चालू केला, तर अर्धी लहर कापली जाते. अंधुक-प्रखर होणारे दिवे आणि स्पीड बदलणारे पंखे याच वेळेच्या खेळावर चालतात. शून्य कधी झालं तेच चिपला कळलं नाही, तर ती भलत्याच क्षणी ट्रायॅक चालू करेल. मग दिवा थरथरतो, पंखा घोंगावतो.

(तुमच्याकडे बीएलडीसी पंखा असेल तर त्याला हा रेग्युलेटर लावूच नका. त्याच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं, आणि कापलेली लहर त्याला पचत नाही. आणि पाच खटक्यांचा जो रेग्युलेटर असतो, त्यात बहुतेक वेळा नुसते कपॅसिटर असतात. त्याला शून्याशी देणंघेणं नाही.)

रिलेवाल्या स्मार्ट स्विचचं कारण वेगळं. लहर शिखरावर, म्हणजे ३२५ व्होल्टवर असताना संपर्क जुळला, तर एलईडी दिव्यांच्या आतले रिकामे कपॅसिटर क्षणात प्रचंड करंट ओढतात आणि रिलेचे पॉइंट हळूहळू चिकटतात. शून्याजवळ जुळवला तर हा धक्का बसत नाही. बंद करतानाही शून्याचा उपयोग होतो, कारण ठिणगीला जिवंत ठेवणारा करंटच क्षणभर संपतो. डीसीमध्ये ही सोय नाही. मुंबईच्या लोकल १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसीवर धावल्या आणि हार्बर मार्गावरचा शेवटचा डीसी तुकडा एप्रिल २०१६ मध्ये २५ हजार व्होल्ट एसीवर गेला. डीसीचे ब्रेकर अवजड असायचे, त्याचं एक कारण हेच : त्यांना शून्याची वाट बघता येत नव्हती, ठिणगी बळजबरीने तोडावी लागायची.

एका मेगाओहमची युक्ती

आता पिनकडे येऊ. अर्डुइनोमधली चिप ५ व्होल्टवर चालते. तिच्या पिनला ३२५ व्होल्ट दिले तर ती जळणार, हे उघड आहे. पण या चिपच्या प्रत्येक पिनच्या आत दोन छोटे डायोड असतात. पिनचा व्होल्टेज ५ च्या वर जायला लागला की एक डायोड जादा करंट सप्लायकडे वळवतो, शून्याच्या खाली गेला की दुसरा जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे. हे डायोड खरं तर स्थिर विजेपासून बचावासाठी असतात आणि फारच कमी करंट सोसतात.

मग करंटच कमी करायचा. फेज आणि पिन यांच्यामध्ये १० लाख ओहमचा, म्हणजे १ मेगाओहमचा रेझिस्टर. ३२५ भागिले १० लाख, म्हणजे शिखरावरही जेमतेम ०.३३ मिलिअँपिअर. चिप बनवणाऱ्या अ‍ॅटमेल कंपनीनेच हे सर्किट आपल्या एका तांत्रिक टिपणात दिलं होतं : डायोडमधून १ मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ देऊ नका, आणि १ मेगाओहम लावला तर सुमारे हजार व्होल्टपर्यंत ही मर्यादा पाळली जाते. मायक्रोचिप कंपनीने तर काही पिक चिपमध्ये खास शून्य ओळखण्यासाठी वेगळी पिनच दिली आहे. बाहेरून फक्त एक रेझिस्टर लावायचा. म्हणजे ही गॅरेजमधली जुगाड नाही.

अचूकताही जबरदस्त. शून्याजवळ २३० व्होल्टची लहर फार वेगाने चढते, दर मायक्रोसेकंदाला ०.१ व्होल्ट. पिनला ‘हाय’ वाटायला साधारण अडीच व्होल्ट लागतात, ते २५ मायक्रोसेकंदांत गाठले जातात. १० हजार मायक्रोसेकंदांच्या अर्ध्या फेरीत २५ चा फरक म्हणजे काहीच नाही. पिन हाय झाली की लहर वर निघाली, लो झाली की खाली निघाली. इंटरप्ट लावा, काम झालं.

झालं का खरंच? कागदावर. प्रत्यक्षात मिक्सर, पाण्याचा पंप, जुनी ट्यूबलाईट ही मंडळी लहरीवर खरवड उठवतात आणि शून्याच्या आसपास पिन एकाऐवजी चार वेळा वर-खाली होते. म्हणून एकदा शून्य मोजलं की पुढचे ८ मिलिसेकंद पिनकडे दुर्लक्ष करायचं, असं कोडमध्ये लिहितात. आपल्याकडची अजून एक अडचण परदेशी ट्युटोरियलमध्ये सापडत नाही. लाईट गेली की सोसायटीचा जनरेटर सुरू होतो, आणि त्याची फ्रिक्वेन्सी लिफ्ट सुरू झाली की डगमगते. घरातला स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो. ‘अर्धी फेरी म्हणजे १० मिलिसेकंद’ असं कोडमध्ये पक्कं लिहून ठेवलेला रेग्युलेटर अशा वेळी दिवे नाचवतो. प्रत्येक अर्ध्या फेरीची लांबी मोजून त्याप्रमाणे वागणारा कोड लिहिला, तर तोच हार्डवेअर गुमान चालतो. लाईट गेल्यावर तुमच्या घरातला एखादाच स्मार्ट दिवा वेड्यासारखा वागत असेल, तर बल्बपेक्षा त्याच्या कोडवर आधी संशय घ्या.

मग धोका कुठे आहे?

रेझिस्टरमध्ये नाही. धोका दुसऱ्या वायरमध्ये आहे, जिच्याबद्दल रीलमध्ये कुणी बोलत नाही.

करंट वाहायला दोन टोकं लागतात. फेज रेझिस्टरमधून पिनला गेली, पण चिपच्या ग्राउंडचं काय? ते विजेच्या दुसऱ्या वायरला, म्हणजे न्यूट्रलला जोडावं लागतं, नाहीतर पिनला मोजायला संदर्भच उरत नाही. आणि या दुसऱ्या वायरमध्ये कुठलाच मेगाओहम नसतो. चिपचं ग्राउंड, बोर्डचं ग्राउंड, यूएसबी केबलचं धातूचं टोक, लॅपटॉपची बॉडी ही सगळी साखळी आता थेट भिंतीतल्या वायरला जोडलेली आहे.

न्यूट्रल तर जवळपास शून्य व्होल्टवर असतो, मग काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं ते असं. दोन पिनांचा प्लग आपल्याकडे कसाही खोचता येतो. अर्ध्या वेळा न्यूट्रलच्या जागी फेज येणार. तीन पिनांचा प्लग उलटा बसत नाही, पण बोर्डाच्या आत वायरमनने फेज-न्यूट्रलची अदलाबदल केलेली असू शकते, आणि पंखा-दिवा चालत असल्याने ती वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. हे दोन्ही बरोबर असलं, तरी पावसाळ्यात बाहेर कुठेतरी न्यूट्रल तुटला की घरातली न्यूट्रलची वायर चालू उपकरणांमधून फेजच्या व्होल्टेजवर येऊन बसते.

आता अर्डुइनोचं ग्राउंड २३० व्होल्टवर आहे. लॅपटॉप अर्थिंग असलेल्या चार्जरला लावला असेल, तर भडका उडून एमसीबी पडेल आणि यूएसबी पोर्ट जळेल. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर काहीच होणार नाही. दिवा चालू, कोड चालू, सगळं मस्त. आणि मग अनवाणी पायांनी ओल्या फरशीवर उभा असलेला मुलगा यूएसबी काढायला हात लावेल. शरीराचा रोध एक-दोन हजार ओहम धरला, तर शंभर-दोनशे मिलिअँपिअर. हृदयाचा ठोका चुकवायला याच्यापेक्षा कितीतरी कमी पुरतो. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल आणि ती चालू स्थितीत असेल, तर ती वाचवू शकते. जुन्या चाळीत, पीजीच्या खोलीत ती असेलच याची खात्री कोण देणार?

चार्जिंगला लावलेल्या फोनच्या धातूच्या कडेला कधी कधी हलकी झिणझिण जाणवते, ती बहुतेकांनी अनुभवली असेल. तिथे चार्जरच्या आत ट्रान्सफॉर्मरची भिंत असते आणि एका छोट्या कपॅसिटरमधून अगदी किंचित करंट गळतो, तो जाणवतो. एका मेगाओहमच्या सर्किटात ही भिंतच नाही, हा फरक.

तेच सर्किट मीटरमध्ये चालतं, ते कसं

याचं उत्तर सध्या ज्याच्यावरून भांडणं चालू आहेत त्या मीटरमध्ये आहे. टीओडी म्हणजे टाइम ऑफ डे : किती युनिट वापरली यासोबत कोणत्या वेळी वापरली हेही मीटर नोंदवतो, दिवसाच्या वापराला सवलत देता यावी म्हणून. आधीची योजना प्रीपेड स्मार्ट मीटरची होती. तिला विरोध झाल्यावर जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सांगितलं. त्यानंतर आले ते पोस्टपेड टीओडी मीटर.

राजकारण बाजूला ठेवून आतल्या रचनेकडे बघा. घरगुती सिंगल फेज मीटरमध्ये बऱ्याचदा करंट मोजण्याचा शंट फेजच्याच वायरमध्ये असतो, आणि चिपचं ग्राउंड त्याच फेजला बांधलेलं असतं. म्हणजे आतलं अख्खं सर्किट २३० व्होल्टवर तरंगत असतं. शून्य ओळखणं, फ्रिक्वेन्सी, पॉवर फॅक्टर ही सगळी कामं ते तिथेच बसून करतं. पण माणसाचा हात लागेल असं एकही धातूचं टोक बाहेर येत नाही. रीडिंग घ्यायचं तर प्रकाशाच्या पोर्टमधून, नाहीतर रेडिओ लहरींनी. समोर लुकलुकणारा लाल दिवाही त्याचाच भाग. माहिती बाहेर येते, तांबं येत नाही. टेबलावरच्या अर्डुइनोमध्ये मात्र यूएसबीचं तांबं थेट तुमच्या हातात असतं.

त्यामुळे मीटर उघडून बघण्याचे व्हिडिओ दिसले तर सरळ पुढे जा. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३८ नुसार मीटरशी छेडछाड हा गुन्हा आहेच, पण त्याआधी आतलं ग्राउंड फेजवर आहे हे लक्षात ठेवा.

‘नवा मीटर जास्त पळतो’ ही तक्रार तपासायला मीटर उघडावा लागतच नाही. त्याच्यावर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ असं काहीतरी छापलेलं असतं. तुमच्या मीटरवरचा आकडा वाचा, तो वेगळा असू शकतो. ३२०० असेल तर घरातलं सगळं बंद करून फक्त १००० वॉटची इस्त्री लावा. दिवा दर १.१२५ सेकंदाला एकदा लुकलुकायला हवा, म्हणजे दहा लुकलुकींना सव्वाअकरा सेकंद. फोनवर व्हिडिओ काढून मोजा, पण इस्त्री तापून थर्मोस्टॅटने बंद होण्याच्या आत. पाच-दहा टक्क्यांचा फरक आला तर लगेच आरोळी ठोकू नका. व्होल्टेज २३० नसेल तर इस्त्रीचे वॉटही १००० नसतात. दुप्पट वेग दिसला, तर मात्र व्हिडिओसकट महावितरणकडे मीटर तपासणीचा अर्ज करा. पाच मिनिटांच्या या मोजणीइतकं ठोस त्या भांडणात मला दुसरं काही दिसलेलं नाही, ना मीटरच्या बाजूने, ना विरोधात.

टेबलावर करायचंच असेल तर

भिंत बांधा. सगळ्यात प्रचलित भिंत म्हणजे ऑप्टोकपलर. आत एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर, मध्ये फक्त प्रकाश. पीसी८१७ हा पार्ट ५००० व्होल्टपर्यंतचं विलगीकरण देतो आणि लॅमिंग्टन रोडवर एका वडापावच्या किमतीतसुद्धा मिळतो. हा पार्ट ज्या स्वस्त मॉड्यूलमध्ये गाळलेला असतो, तिथे पैसे कुठे वाचवलेत ते समजून घ्या.

ऑप्टोकपलर शून्य थोडं ढोबळ दाखवतो. मागे ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर असतील, तर एलईडी नीट पेटायला साठ-सत्तर व्होल्ट लागतात, म्हणून शून्याच्या दोन्ही बाजूंना मिळून एक ते दीड मिलिसेकंद तो विझलेला राहतो. खरं शून्य त्या काळाच्या मध्यावर असतं. पल्सची सुरुवात आणि शेवट दोन्ही टिपून मधला क्षण धरायचा. रेझिस्टर पाव वॅटचे घेतले तर ते तापून काळे पडतात, एक वॅटचे घ्या. आणि अलीकडची बाजू २३० व्होल्टचीच आहे, हे विसरू नका. ब्रेडबोर्डवर ती कधीच जोडायची नाही.

नुसतं शिकायचं असेल तर मी ऑप्टोकपलरही सुचवणार नाही. २३० चे ९ व्होल्ट एसी करणारा, डब्यात बंद असलेला ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याच्या बाहेर येणाऱ्या ९ व्होल्टच्या एका टोकाला अर्डुइनोचं ग्राउंड, दुसऱ्या टोकाला ४७ किलोओहमचा रेझिस्टर आणि पुढे पिन. युक्ती तीच, फक्त विषारी दात काढलेली. ही लहर बुटकी असल्याने हळू चढते, त्यामुळे पिन अर्धा-पाऊण मिलिसेकंद उशिरा हाय होते. पण प्रत्येक फेरीत उशीर तेवढाच असतो. फक्त वर जाणाऱ्या कडा मोजल्या तर दोन कडांमधलं अंतर बरोबर २० मिलिसेकंदच येतं. चिप कुठलीही असो, आत असे डायोड आहेत का आणि किती करंट सोसतात, हे तिच्या डेटाशीटमध्ये बघून मगच रेझिस्टर ठरवा. ईएसपी३२ ही ३.३ व्होल्टची चिप आहे, अर्डुइनोचे आकडे तिला जसेच्या तसे लावू नका.

एका पिनवर अख्खा देश

या सुरक्षित सर्किटातून जे दिसतं ते बघण्यासारखं आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ केव्हीची रायचूर-सोलापूर लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला जुळलं. तेव्हापासून विचुंब्यातल्या सॉकेटची आणि गुवाहाटीतल्या सॉकेटची फ्रिक्वेन्सी एकच असते. मागणी वाढली की ती किंचित उतरते, कमी झाली की चढते. नियमानुसार ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राहावी लागते.

५ एप्रिल २०२० आठवतोय? रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद करण्याचं आवाहन होतं. सगळ्यांनी एकदम दिवे बंद केले तर ग्रिड कोसळेल, अशी भीती राज्याचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी जाहीरपणे बोलून दाखवली होती. प्रत्यक्षात देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने घसरली. जलविद्युत केंद्रांनी जवळपास १७ हजार मेगावॉट खाली आणले, आणि फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान हेलकावे खात राहिली. त्या रात्री पनवेलमध्ये कुणाच्या टेबलावर हे सर्किट चालू असतं, तर अख्ख्या देशाने बटणं दाबल्याचं एका पिनवर दिसलं असतं.

फक्त एक अडचण. अर्डुइनो उनोच्या मुख्य चिपचं घड्याळ सिरॅमिक रेझोनेटरवर चालतं आणि त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक असू शकते. ५० हर्ट्झवर अर्धा टक्का म्हणजे ०.२५ हर्ट्झ. परवानगीचा अख्खा पट्टा ०.१५ हर्ट्झचा! अशा बोर्डावरून ‘आज ग्रिड ४९.८ वर होतं’ अशी स्टोरी टाकणं म्हणजे ढिल्या टेपने सोनं मोजण्यासारखं. क्वार्ट्झ क्रिस्टलवर चालणारा बोर्ड घ्या.

गच्चीवरचा सोलर आणि खांबावरचा लाईनमन

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॉटच्या सोलरला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि एक तक्रार सगळीकडे ऐकू यायला लागली : भर दुपारी कडक ऊन, गच्चीवर सोलर, तरी लाईट गेली की घरात पंखा बंद. फसवलं का?

नाही. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर आपली लहर ग्रिडच्या शून्याशी जुळवून वीज बाहेर सोडतो. डीपीवर काम करायला महावितरणने पुरवठा तोडला आणि तुमचा इन्व्हर्टर वीज सोडतच राहिला, तर ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन वरच्या लाईनवर हजारो व्होल्ट होते. खांबावर लाईनमन असतो. म्हणून ग्रिड गेलं की दोन सेकंदांच्या आत इन्व्हर्टरने तुटलंच पाहिजे, असा नियम आहे.

ग्रिड गेलं हे त्याला कळतं कसं, हा भाग मला सगळ्यात आवडतो. आसपासच्या घरांचा वापर आणि सोलरची वीज योगायोगाने सारखीच असेल, तर व्होल्टेज तसाच टिकून राहतो आणि नुसतं शून्य मोजून काहीच कळत नाही. म्हणून अनेक इन्व्हर्टर मुद्दाम आपलं शून्य किंचित पुढे ढकलून बघतात. रस्सीखेचीत दोराला हलका हिसका द्यावा तसं. पलीकडे अख्खा देश असेल तर शून्य हलत नाही. पलीकडे कुणीच नसेल तर ते सरकत जातं, फ्रिक्वेन्सी पट्ट्याबाहेर पडते आणि इन्व्हर्टर बंद होतो.

लाईट गेल्यावरही पंखा हवा असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, जो आधी ग्रिडपासून तुटतो आणि मग फक्त घरापुरती वीज देतो. तो घेताना किमतीच्या आधी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा : ग्रिडपासून तोडणारा स्विच कुठे आहे, आणि न्यूट्रलही तुटतो का. ‘ते सगळं आपोआप होतं’ एवढंच उत्तर आलं, तर डेटाशीट मागा आणि त्यात अँटी-आयलँडिंग हा शब्द शोधा.